पॉलिअ‍ॅमरी म्हणजे काय? नात्यांचे प्रकार आणि घ्यायची आरोग्याची काळजी

एकाच वेळी एकापेक्षा जास्त व्यक्तींशी प्रेमाचे नाते असणे, आणि त्या नात्यांतील प्रत्येकाला हे माहीत असून मान्य असणे, याला पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. मराठीत याला बहुप्रेमसंबंध म्हणता येईल. ‘पॉली’ म्हणजे अनेक, हा ग्रीक शब्द. ‘अ‍ॅमोर’ म्हणजे प्रेम, हा लॅटिन शब्द. या दोन्हींपासून तयार झालेला हा शब्द १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला.

या व्याख्येत ‘माहीत असणे’ आणि ‘मान्य असणे’ या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी एक जरी नसेल, तर ती पॉलिअ‍ॅमरी नव्हे.

पॉलिअ‍ॅमरी आणि इतर गोष्टींतील फरक

• विवाहबाह्य संबंध: यात जोडीदारापासून गोष्ट लपवलेली असते. पॉलिअ‍ॅमरीत लपवाछपवी नसते.
• बहुपत्नीत्व किंवा बहुपतित्व: या विवाहाच्या प्रथा आहेत. त्यात स्त्रीची संमती विचारली जातेच असे नाही. पॉलिअ‍ॅमरीत लग्न असेलच असे नाही, आणि स्त्री-पुरुष सर्वांना समान मोकळीक अपेक्षित असते.
• ओपन रिलेशनशिप: यात साधारणपणे प्रेमाचे नाते दोघांतच राहते; बाहेर फक्त शारीरिक संबंधांची मुभा असते. पॉलिअ‍ॅमरीत भावनिक गुंतवणूकही असते.

नात्यांचे प्रकार

१. मुख्य आणि दुय्यम नाते: एक नाते मुख्य मानले जाते. घर, पैसा, मुले यांचे निर्णय त्या दोघांचे असतात.
२. समान दर्जाची नाती: कोणतेही नाते आधीच वरचे किंवा खालचे ठरवलेले नसते.
३. ‘व्ही’ रचना: एका व्यक्तीचे दोघांशी नाते असते, पण त्या दोघांचे आपसात प्रेमसंबंध नसतात. इंग्रजी व्ही अक्षराचे टोक म्हणजे मधली व्यक्ती.
४. त्रिकूट: तिघांचेही एकमेकांशी नाते असते.
५. बंद गट: तीन किंवा अधिक जण एकमेकांशीच एकनिष्ठ राहतात. गटाबाहेर संबंध ठेवत नाहीत.
६. सोलो पॉली: व्यक्तीची एकापेक्षा जास्त नाती असतात, पण ती स्वतंत्र राहते. एकत्र संसार किंवा एकत्र बँक खाते तिला नको असते.
७. मोनो-पॉली: दोघांपैकी एकाला एकच नाते हवे असते, दुसऱ्याची अनेक नाती असतात. यात मोकळे बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते.

काही गटांत सगळे एकमेकांना ओळखतात, एकत्र जेवायलाही बसतात. काही ठिकाणी जोडीदाराच्या दुसऱ्या जोडीदाराला कधी भेटणेही होत नाही.

हा मानसिक आजार आहे का?

नाही. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या याद्यांत पॉलिअ‍ॅमरी हा आजार नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे, की समाजातील रूढ नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्ये न पाळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. त्यामुळे याला ‘बरे करणारे’ औषध नाही, आणि तशी गरजही नाही.

मात्र मत्सर, असुरक्षितता, झोप न लागणे, लपवून राहण्याचा ताण हे त्रास खरे असू शकतात. मत्सर वाटला म्हणजे तुम्ही कमी पडलात असे नाही. नेमके काय खुपते, वेळ कमी मिळतो की भरवसा डळमळला, हे शब्दांत सांगता आले की पुढचा मार्ग सापडतो. उदास वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट न पाहता लगेच मदत घ्या.

संमती खरी आहे का, हे तपासा

‘हो म्हणाली नाही तर तो सोडून जाईल’ या भीतीने दिलेला होकार ही संमती नव्हे. स्वतःला हे प्रश्न विचारा:

• मी ‘नाही’ म्हटले असते तर मला धमकी, मारहाण किंवा घरखर्च बंद होण्याची भीती होती का?
• जी मोकळीक जोडीदाराला आहे, तीच मला आहे का?
• आज दिलेला होकार मला उद्या मागे घेता येईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर प्रश्न नात्याच्या प्रकाराचा नाही, छळाचा आहे. महिलांना १८१ या हेल्पलाइनवर मदत मिळते.

शारीरिक आरोग्याची काळजी

जोडीदार जास्त असले की एका व्यक्तीचा संसर्ग अनेकांपर्यंत पोहोचू शकतो. विश्वास असला तरी तपासणी हवीच, कारण क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि एचआयव्ही अनेकदा लक्षणांशिवाय शरीरात असतात.

• नवीन नाते सुरू होण्याआधी सर्वांनी तपासणी करावी. त्यानंतर किती महिन्यांनी करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.
• संबंधानंतर लगेच केलेली एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त राहू नका. चाचणीच्या प्रकारानुसार संसर्ग दिसायला काही आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो.
• कंडोम फाटला किंवा धोका झाला असे वाटले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली.
• हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लशींबद्दल विचारा.
• गर्भनिरोधक गोळ्या गर्भधारणा टाळतात, संसर्ग नाही.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन मोफत असते आणि माहिती गोपनीय ठेवली जाते. डॉक्टरांना जोडीदारांची खरी संख्या सांगा. योग्य तपासण्या त्यावरच ठरतात.

कायदा काय सांगतो?

सज्ञान व्यक्तींनी संमतीने ठेवलेले असे संबंध भारतात गुन्हा नाहीत. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केले. तरीही विवाहबाह्य संबंध घटस्फोटाचे कारण होऊ शकतात. हिंदू विवाह कायदा किंवा विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या व्यक्तीने पहिला जोडीदार हयात असताना आणि ते लग्न कायम असताना दुसरे लग्न केले, तर ते अवैध ठरते. त्यासाठी ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

लग्नाबाहेरच्या जोडीदाराला रुग्णालयात ‘नातेवाईक’ मानले जाईलच असे नाही. आणीबाणीत कोणाला कळवायचे, हे आधीच लिहून ठेवा. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून कोणत्याही सज्ञान व्यक्तीची साध्या कागदावर लेखी नेमणूक करता येते, मात्र ती व्यक्ती त्यास तयार आणि सक्षम हवी.

कुटुंबीयांसाठी

मुलाने किंवा मुलीने हे सांगितले तर धक्का बसणे स्वाभाविक आहे. लगेच पटलेच पाहिजे असेही नाही. पण पहिल्याच दिवशी ‘लग्न लावून दिले की ठीक होईल’ असे ठरवू नका. त्यात आणखी एका व्यक्तीचे आयुष्य भरडले जाते. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा: ‘तू सुरक्षित आहेस ना? सगळ्यांना खरे माहीत आहे ना?’ घरात लहान मुले असतील तर त्यांचे वेळापत्रक आणि त्यांना सांभाळणारी माणसे स्थिर राहतील हे पाहा.

कोणावरही हा मार्ग लादू नये, आणि जो सर्वांच्या खऱ्या संमतीने तो निवडतो त्याला उपचार घेताना लाज वाटू नये. शंका असेल तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.