तीनचाकीची वंशावळ : हिरोशिमातील माझदा

माझदा म्हटले की मोटारींच्या शौकिनांना रोटरी इंजिन आणि दोन आसनांची एमएक्स-५ आठवते. कंपनीचा इतिहासही बहुधा या गाड्यांपासून उलटा वाचला जातो. प्रत्यक्षात पहिले वाहन बाजारात आणल्यावर जवळजवळ तीस वर्षे या कंपनीने एकही प्रवासी मोटार विकली नाही. ती विकत होती मालवाहू तीनचाकी.

१९२० साली हिरोशिमात कॉर्कच्या वस्तू बनवण्यासाठी निघालेला हा कारखाना. जुजिरो मात्सुदांच्या हाती आल्यावर तो यंत्रसामग्रीकडे वळला आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ निघाली. पुढे मोटारसायकलसारखे हँडल आणि खोगीर, मागे सामानाचा हौदा, इंजिन ४८२ सीसीचे. आपल्याकडे ज्या जर्मन तीनचाकीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द रुळला, तिच्याच जातकुळीतले हे वाहन. नावात मात्सुदा आडनावाचा नाद आहे आणि अहुर माझदाही आहे. मुंबईच्या अग्यारीत पूजला जाणारा देव जपानी मालगाडीवर जाऊन बसला, ही गंमत पारशी शेजार लाभलेल्या मराठी माणसाला अधिक कळावी.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, त्या दिवशी मात्सुदा सत्तर वर्षांचे झाले. कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर, मध्ये हिजियामा टेकडी. तिच्या आडोशाने इमारती बऱ्याच वाचल्या. तिथे जखमींना आसरा मिळाला, आणि प्रांताचे सरकारी कार्यालयही काही महिने तिथूनच चालले. डिसेंबरात तीनचाकीचे काम पुन्हा सुरू झाले. जळून गेलेल्या शहराला सर्वांत आधी हवे होते ते लाकूड, सिमेंट, धान्य वाहून नेणारे स्वस्त वाहन, आणि तेच या कारखान्याला बनवता येत होते.

पुढे टोयोटाने स्वस्त चारचाकी ट्रक आणला आणि तीनचाकीचे दिवस भरत आले. माझदाने १९६० मध्ये तीन लाख येनांची चिमुकली आर-३६० कूपे काढली. ती हातोहात खपली. पण १९६१ साली व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटार कंपन्यांचे मोजके गट पाडण्याची योजना मांडली. प्रांतातल्या लहान कंपनीसाठी याचा अर्थ उघड होता : कुणाच्या तरी पोटात जाणे. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी यांनी जर्मनीच्या एनएसयूकडून रोटरी इंजिनाचे हक्क घेतले, ते या भीतीपोटी. इतरांपाशी नसलेले काहीतरी आपल्यापाशी हवे, एवढाच हिशेब. तंत्रज्ञानाच्या प्रेमाची कहाणी नंतर रचली गेली, असे माझे मत.

या इंजिनात दट्ट्या वरखाली होत नाही. तिकोनी चकती गोल फिरते. तिच्या टोकांनी आतल्या भिंतीवर पडणाऱ्या चऱ्यांना अभियंत्यांनी ‘सैतानाची नखे’ म्हटले. केनिची यामामोतो आणि त्यांचे सेहेचाळीस सहकारी ती नखे कापण्यात वर्षानुवर्षे गुंतले. अखेर १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट आली. १९७२ पर्यंत तिच्या अवघ्या १,१७६ गाड्या बनल्या. त्या सबंध काळात कंपनीच्या यादीत दोन टनी टी-२००० ही तीनचाकीही होतीच. ती १९७४ पर्यंत विकली गेली. पराक्रमाची गाडी एक, पोटापाण्याची दुसरी.

रोटरी मात्र इंधन भरपूर पिते. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकेतील विक्री कोसळली, कंपनी डबघाईला आली आणि सुमितोमो बँकेला कारभारात उतरावे लागले. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरीचा घाट घातला, ते रोटरीपायीच आक्रसले.

कंपनीला हात दिला तो १९८० च्या नव्या फॅमिलियाने. सत्तावीस महिन्यांत त्या दहा लाख बनल्या. त्यांच्यात साधे पेट्रोल इंजिन होते, वरखाली होणाऱ्या दट्ट्यांचे.