दोजांगचे वय

तायक्वांदोच्या दोजांगात, म्हणजे सरावाच्या जागेत, चपला दाराबाहेर काढून जायचे असते. आत गेल्यावर आधी समोरच्या झेंड्याला वाकून नमन, मग साबमला, म्हणजे शिकवणाऱ्याला. त्यानंतर रांगा लागतात, काळे पट्टेवाले पुढे आणि पांढरे मागे. ‘हाना, दूल, सेत’ असे आकडे मोजत सराव होतो आणि शेवटी पुन्हा नमन. पुष्कळ ठिकाणी भिंतीवर पाच मूल्येही लिहिलेली असतात : सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि हार न मानणारी जिद्द. हे सगळे दोन हजार वर्षांचे असून सिल्ला राज्यातल्या ‘ह्वारांग’ नावाच्या तरुण योद्ध्यांपासून चालत आले आहे, असे नव्या विद्यार्थ्याला सांगण्याची रीत आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. या दोजांगचे वय जेमतेम ऐंशी वर्षांचे आहे. त्याची घडण विसाव्या शतकातल्या शाळेत आणि लष्करी छावणीत झाली. आणि त्यात जे अस्सल कोरियन आहे, ते प्राचीनतेच्या ढिगाऱ्यात शोधणाऱ्याला सापडत नाही.

सुरुवात नावांपासून करू. कोरियावर 1910 पासून जपानची सत्ता होती. ती संपायला वर्ष उरले असताना, 1944 साली, ली वॉन-कुक यांनी सोलमध्ये चंगदोक्वान सुरू केले. जपानमध्ये शिकत असताना ते कराटेचे विख्यात शिक्षक गिचिन फुनाकोशी यांच्या हाताखाली तयार झाले होते. सोंगमूक्वानचे रो ब्युंग-जिक हेही फुनाकोशींचेच विद्यार्थी. स्वातंत्र्यानंतर वर्ष-दीड वर्षात आणखी क्वान उभी राहिली. क्वान म्हणजे शब्दशः वास्तू, पण आपल्या संगीतातल्या ‘घराणे’ या शब्दाच्या ते जवळ जाते. या घराण्यांत जे शिकवले जाई त्याला कोणी ‘तांगसूदो’ म्हणे, कोणी ‘कोंगसूदो’. जपानीत ‘कराटे’ हा शब्द ज्या दोन पद्धतींनी लिहिला गेला, त्याच चिनी अक्षरांचे हे कोरियन उच्चार. ‘प्यंगआन’ नावाचे प्राथमिक वर्ग-प्रकारही, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे हालचालींचे संच, ओकिनावाच्या ‘पिनान’चेच, तीच अक्षरे कोरियन जिभेने वाचलेली. अपवाद होते. युन ब्युंग-इन मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकून आले होते, मूदोक्वानचे ह्वांग की यांचाही मांचुरियाशी संबंध होता. पण युन यांनीही पुढे जपानमध्ये कराटेचे धडे घेतलेच. मुख्य प्रवाह कुठून आला याबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. कोरियनांनी जपानकडून जे उचलले ते जुने जपान नव्हतेच. जिगोरो कानो यांनी जुदोचे कोदोकान 1882 मध्ये काढले. पायऱ्या-पायऱ्यांची ‘दान’ पद्धत आणि काळा पट्टा ही त्यांची देणगी, आणि कानो व्यवसायाने शिक्षणतज्ज्ञ होते. कराटेला ओकिनावाच्या सरकारी शाळांत प्रवेश मिळाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, शारीरिक शिक्षणाचा विषय म्हणून. फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले 1922 मध्ये, आणि जुदोचा पांढरा गणवेश व दर्जे कराटेने घेतले ते त्यानंतरच. म्हणजे ली वॉन-कुक यांच्या हाती ही ‘परंपरा’ आली तेव्हा ती फार तर दोन पिढ्यांची होती. गणवेश, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र, तोंडी आज्ञेवर एकसाथ हालणारी रांग, ही यादी नीट पाहिली तर ती गुरुगृहाची नाही, शाळेची आहे. एका गुरूने एका शिष्याला अंगणात काही द्यायचे, हा जुना प्रकार. चाळीस जणांना एका हाकेवर एकच हालचाल करायला लावणे हा आधुनिक राज्याचा शोध आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मग गोगुर्यो काळातल्या थडग्यांमधल्या भित्तिचित्रांचे काय? मुयेदोबोतोंगजीचे काय? तेक्यनचे काय? भित्तिचित्रांत दोन माणसे पवित्रा घेऊन समोरासमोर उभी आहेत, हे खरे. पण माणसे लढत होती एवढेच त्यातून सिद्ध होते. ते तर कुठल्याही देशात होते. मुयेदोबोतोंगजी हा 1790 मध्ये राजा जोंगजो यांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ग्रंथ भरभक्कम पुरावा आहे, पण भलत्याच बाजूने. त्यातल्या चोवीस युद्धप्रकारांत बहुतेक शस्त्रांचे आहेत, निःशस्त्र लढाईला एक प्रकरण मिळाले आहे, आणि तेही चिनी सेनानी ची जीग्वांग यांच्या परंपरेतले. जपानी तलवारबाजी त्यात ‘जपानी’ या नावानेच नोंदवलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी पंडितांना उसनवारी कबूल करताना लाज वाटली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे. उरले तेक्यन. लयीत पाय टाकत प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा हा खेळ खरोखर जुना आणि खरोखर कोरियन. तो विसाव्या शतकात टिकला मुख्यतः सोंग दोक-गी या एका माणसामुळे. 1983 मध्ये सरकारने त्याला सांस्कृतिक वारसा ठरवले, 2011 मध्ये युनेस्कोने. पण त्यात ना पट्टे, ना दोजांगच्या रांगा, ना ते ठरीव वर्ग-प्रकार. आणि क्वानांचे संस्थापक तेक्यनच्या आखाड्यातून आले नव्हते.

ह्वारांगांची कथा याहून मनोरंजक आहे. भिक्षू वॉनग्वांग यांनी सांगितलेले पाच नियम बाराव्या शतकातल्या ‘सामगुक सागी’त येतात : राजाशी निष्ठा, आईवडिलांची सेवा, मित्रांशी विश्वास, युद्धात माघार नाही आणि जीव घेताना विवेक. ते विचारायला आलेले ग्विसान आणि चुहांग हे दोन तरुण 602 साली बेक्जे राज्याविरुद्धच्या लढाईत मारले गेले. या मजकुरात त्या दोघांना कुठेही ह्वारांग म्हटलेले नाही, आणि लाथा-बुक्क्यांच्या कोणत्याही पद्धतीचा उल्लेख नाही. हा दुवा नंतर जुळवला गेला. तो कुठे जुळला याची खूण तायक्वांदोनेच जपून ठेवली आहे. दक्षिण कोरियन सैन्यातले जनरल चोई होंग ही यांच्या परंपरेत ‘ह्वारांग’ नावाचा एक वर्ग-प्रकार आहे आणि त्यात 29 हालचाली आहेत. एकोणतीसच का? तर चोई यांच्या 29व्या पायदळ डिव्हिजनसाठी, जिथे ही विद्या आकाराला आली असे ते मानत. नाव सिल्ला काळाचे, आकडा 1953 च्या छावणीचा. इतका प्रांजळ दस्तऐवज इतिहासकाराला क्वचित मिळतो.

भिंतीवरची ती पाच मूल्ये छावणीच्या उजेडात वाचली की वेगळी दिसतात. चोई यांच्या पिढीला जपानी अंमलात 1940 पासून स्वतःची आडनावे बदलावी लागली, पुढे देशाची फाळणी झाली, मग 1950 ते 1953 युद्ध. क्वान काढणाऱ्यांपैकी जोन सांग-सप आणि युन ब्युंग-इन त्या धामधुमीत दक्षिणेतून नाहीसे झाले. हार न मानणारी जिद्द हा शब्द या लोकांना सिल्लाच्या इतिहासातून शोधून आणावा लागला नव्हता. ‘तायक्वांदो’ हे नाव 1955 मध्ये ठरले. ‘ताए’ म्हणजे पायाने मारणे, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ. शिवाय कानाला तेक्यनसारखे लागते, आणि नेमके तेच हवे होते. जपानी मालकाला हाकलल्यावर घरातली वस्तू त्याच्या नावाने कोण ओळखू देईल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वडीलधाऱ्यांना वाकणे, गुरूला पित्यासमान मानणे, थोरला-धाकटा हा क्रम पाळणे, हे तर कन्फ्यूशियसच्या शिकवणीतले. जपानी सत्तेच्या कितीतरी आधी जोसन काळात ते कोरियन घराघरात रुजले होते. हे मान्यच. दोजांगमधले नमन एवढ्या सहज रुजले ते त्यामुळेच. पण जोसनच्या उच्चवर्गात लेखणीचा मान तलवारीच्या वर होता. मुलकी अधिकारी लष्करी अधिकाऱ्याला खालचा समजत. त्या समाजात ठोसे-लाथांच्या तालमीतून चारित्र्य घडते, असे कुणी म्हटले असते तर पंडित हसले असते. कन्फ्यूशियन विनय आणि मारामारीची विद्या एकाच छपराखाली नांदू लागली, हीच नवलाई होती.

मग यात कोरियन ते काय? माझ्या मते, लाथ. 1963 मध्ये राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात ही विद्या अधिकृत स्पर्धा म्हणून उतरली, छातीवर चिलखतासारखे होगू बांधून, खरा आघात करण्याची मुभा देऊन. जपानी कराटेत प्रहार अंगाला लागण्याआधी थांबवायचा असे. इथे तो बसू द्यायचा होता. होगूवर बसणाऱ्या ठोशापेक्षा लांबून येणारी, फिरती, उंच लाथ फायद्याची ठरली आणि काही वर्षांत उभे राहण्याची ढब, पावलांची चाल, अंतराचा हिशेब, सगळे बदलले. नव्या वर्ग-प्रकारांनी प्यंगआनची जागा घेतली. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत 1972 मध्ये कुक्कीवॉन ही मुख्य वास्तू उभी राहिली, पुढच्या वर्षी जागतिक महासंघ आला, आणि 2000 मध्ये सिडनीत ऑलिम्पिक पदके. प्राचीन म्हणून मिरवलेला भाग, म्हणजे विधी, पट्टे, दर्जे, उसना. आणि निव्वळ खेळ म्हणून हिणवलेला भाग स्वतःचा. असा उलटा हिशेब आहे.

तर मग सारे खोटे म्हणायचे का? उसन्या वस्तूला खोटी म्हणायचे ठरवले तर मातीतल्या कुस्तीच्या ‘तालमी’लाही अरबी शब्दाबद्दल जबाब द्यावा लागेल. खुद्द ‘दोजांग’ हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांचा आहे, ती बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृत ‘बोधिमंड’साठी वापरली होती, बुद्धांना ज्ञान झाले ती बोधगयेची जागा. ती अक्षरे चीनमधून कोरिया-जपानच्या मठांत, मठांतून तलवारबाजांच्या शाळेत आणि तिथून सोलमध्ये आली. खोटेपणा उसनवारीत नसतो, ती लपवण्यात असतो. आणि लपवण्याची किंमत द्यावी लागली. वंशावळ एकच आणि प्राचीन ठरवली की तिचा वारस कोण, हे भांडण अटळ होते. ह्वांग की क्वानांच्या एकीकरणाविरुद्ध झगडत राहिले. चोई यांनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, 1972 मध्ये देश सोडून कॅनडा गाठला आणि 1980 मध्ये आपली कला उत्तर कोरियात नेली. त्यानंतर दक्षिणेतल्या अधिकृत इतिहासात त्यांचे नाव फारसे घेतले जाईना. आत्मसंयम शिकवणाऱ्यांची ही भांडणे दाखवून मूल्यांची टिंगल करता येते. पण शाळेतल्या नीतिपाठाची परीक्षा मुख्याध्यापकांच्या भांडणांवरून घ्यायची नसते.

आज कोरियात दोजांगचे बहुतेक विद्यार्थी प्राथमिक शाळेतली मुले आहेत. शाळा सुटली की दोजांगची गाडी त्यांना दारातून उचलते, आईवडील कामावरून येईपर्यंत ती तिथे असतात, आणि पालक क्वानजांगकडून, म्हणजे दोजांगच्या प्रमुखाकडून, लाथेपेक्षा शिस्तीची अपेक्षा धरतात. जाणकार हळहळतात की युद्धकलेचे पाळणाघर झाले. पण ओकिनावाच्या शाळांपासून इथवरचा माग काढला तर ही गाडी फार लांबच्या वाटेने गेलेली दिसत नाही.