पाण्यावर वाट कोणाची?



अरुंद गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या, म्हणजे वाट कोणी सोडायची यावरून हमरीतुमरी होते. दोघेही थांबतात, भांडतात आणि अखेर एकजण मागे सरतो. पाण्यावर ही सोय नाही. जहाज जागच्या जागी थांबत नाही आणि भांडायला तेथे अवकाशही नसतो. म्हणूनच ‘वाट कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर दर्यावर्दी लोकांना आधीच ठरवून ठेवावे लागले. ते उत्तर कसे घडत गेले, हे आज पाहावयाचे आहे.

शिडांच्या काळी या बाबतीत वारा हाच न्यायाधीश होता. ज्याला वारा अनुकूल, त्याने वाऱ्याशी झगडत चाललेल्याला वाट द्यावी, ही जुनी रीत. ज्याला वळणे सोपे त्याने वळावे, इतका साधा न्याय तिच्यामागे होता. पुढे आगबोट आली. तिला वाऱ्याची पर्वा नव्हती, आणि जुन्या रीतीत तिला जागाही नव्हती. तेव्हा इंग्लंडमधील ‘ट्रिनिटी हाउस’ या संस्थेने १८४० साली आगबोटींसाठी नियम केले आणि १८४६ साली पार्लमेंटने कायदा केला. १८४८ साली आगबोटींना उजवीकडे हिरवा व डावीकडे तांबडा दिवा लावण्याचे ठरले. पुढे १८६३ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी मिळून नियमावली तयार केली आणि तीसहून अधिक राष्ट्रांनी ती स्वीकारली. कागदावर सारे यथास्थित झाले.

परंतु कागदावरचा नियम हाताच्या सवयीत उतरला नाही तर काय होते, हे ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी थेम्स नदीने दाखवून दिले. ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही सहलीची आगबोट दिवसभराची मौज करून निघालेल्या लंडनच्या माणसांना घरी आणीत होती. बायकामुलांनी ती भरलेली होती. समोरून ओहोटीबरोबर ‘बायवेल कॅसल’ हे कोळशाच्या व्यापारातील मोठे जहाज रिकामेच खाली येत होते. सहलीची आगबोट आता उत्तर तीराकडे जाते आहे असे पाहून मोठ्या जहाजाच्या कप्तानाने तिच्या मागून जाण्याचा बेत केला. पण प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटींनी दक्षिण तीराच्या संथ पाण्याचा आश्रय घ्यावा, अशी नावाड्यांची वहिवाट होती. तिला अनुसरून ‘प्रिन्सेस ॲलिस’ वळली ती थेट मोठ्या जहाजाच्या तोंडाशीच! चार-पाच मिनिटांत ती तळाशी गेली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

नियम नव्हता काय? होता. समोरासमोर आलेल्या जहाजांनी सुकाणूचा दांडा डावीकडे करावा, म्हणजे जहाजाने उजवीकडे वळावे, असे थेम्सच्या १८७२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते. सरकारी चौकशीने त्याच नियमावर बोट ठेवून ‘प्रिन्सेस ॲलिस’ला दोषी धरले. मृतांची चौकशी करणाऱ्या पंचांनी मात्र निराळा विचार केला. मोठ्या जहाजाने वेळीच वेग कमी करून यंत्र उलटे फिरवले नाही, आणि लहान बोटही थांबून मागे सरली नाही. सबब दोघांकडेही दोष जातो, असे त्यांनी म्हटले. मला या निर्णयात सगळ्या विषयाचे मर्म दिसते.

ते मर्म पुढच्या नियमांतही उतरलेले आहे. १८८९ साली वॉशिंग्टन येथे राष्ट्रांची परिषद भरली. आज चालू असलेले नियम १९७२ साली लंडन येथे ठरले व १९७७ पासून अमलात आले. त्यांत ‘वाटेचा हक्क’ असा शब्द नाही. दोन कर्तव्ये मात्र आहेत. यंत्राच्या दोन बोटी एकमेकींना आडव्या येत असता जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते, तिने बाजूला व्हावे. रात्री अशा वेळी तिला समोर तांबडा दिवा दिसतो; दिवाच जणू हुकूम देतो. दुसरीने आपली दिशा व वेग कायम ठेवावा, म्हणजे पहिलीची फसगत होणार नाही. पण एकट्या पहिलीच्या वळण्याने टक्कर टळत नाही असे दिसताच दुसरीनेही हालचाल केलीच पाहिजे. ‘माझी वाट होती’ ही सबब तेथे चालत नाही.

हौसेने शिडाची होडी हाकणाऱ्याने हे विशेष ध्यानात धरावे. यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी, हे त्याने ऐकलेले असते आणि ते सर्वसाधारणपणे खरेही आहे. पण अरुंद खाडीमार्गात, जेथे मोठ्या जहाजाला खोल पाण्याबाहेर जाताच येत नाही, तेथे शिडाच्या होडीने व वीस मीटरहून लहान बोटीने त्याला अडथळा करू नये, असाही नियम आहे. मुंबईच्या बंदरातही हेच लागू आहे. ज्याला वळणे सोपे त्याने वळावे, हा शिडांच्या काळचा न्याय येथे फिरून भेटतो.

‘प्रिन्सेस ॲलिस’वरील माणसांनी नियम वाचले नव्हते आणि वाचण्याचे त्यांना कारणही नव्हते. त्यांनी आपला जीव सुकाणूवरच्या माणसाच्या हाती दिला होता. जो चार माणसे होडीत घेऊन पाण्यावर जातो, त्याच्या हाती असा जीव दिलेला असतो. त्याने नियम शिकावेत ते वाट मागण्यासाठी नव्हे. समोरचा काय करील हे आपल्याला कळावे आणि आपण काय करणार हे त्याला कळावे, एवढ्यासाठी.