अठ्ठेचाळीस आकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा आमच्या वाईच्या घराच्या माळ्यावर दोन रुमाल मोडी कागद पडून होते. रुमाल म्हणजे जुन्या कागदपत्रांची कापडात बांधलेली गाठोडी. पणजोबांच्या आधीच्या काळातली पत्रं, वहिवाटीचे कागद, देण्याघेण्याच्या याद्या असं बरंच काही त्यात होतं. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला आणि त्यानंतर सहा वर्षं, रोज सकाळी दोन तास बसून, एकेक कागद बाळबोधीत उतरवून लॅपटॉपवर टाईप करत गेलो. लॅपटॉप पुतण्यानं घेऊन दिलेला. त्यानंच तो सुरू करून दिला होता, आणि मला फक्त टाईप करायचं तेवढं शिकवलं होतं.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका संध्याकाळी पडद्यावर एक चौकट आली. फर्मवेअर अद्ययावत करायचं आहे, चार्जर लावून ठेवा, काम पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका. अशा चौकटी येतच असतात. मी ‘हो’ म्हटलं आणि चहाला उठलो. परत आलो तर काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह, खाली मुंगीच्या पावलानं सरकणारी एक पट्टी, आणि आतला पंखा गिरणीसारखा घोंघावतोय. मशीन दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि मग निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की भरा.

मी माझा नेहमीचा पासवर्ड टाकला. तो त्याला नको होता. अठ्ठेचाळीस आकडे मला कुणी कधी दिलेच नव्हते. सहा वर्षांतली शेवटची आठ महिन्यांची मेहनत दुसरीकडे कुठेही नव्हती; आदल्या दिवाळीत पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली होती, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी पुण्याला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पस्तिशीतला मुलगा होता, हुशार. त्यानं पडदा बघितला आणि म्हणाला, “काका, फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा. मशीन एकदम नवीन होईल.” मी विचारलं, आतल्या फायली? तो म्हणाला, त्या जातील. मी लॅपटॉप पिशवीत घातला. पण निघण्यापूर्वी त्याला विचारलं की हे फर्मवेअर नेमकं आहे तरी काय. त्यानं टेबलावर उघडा पडलेला दुसऱ्या कुणाचा तरी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि चिमट्याचं टोक एका काळ्या तुकड्यावर टेकवलं. तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा, आठ पाय. “हे,” तो म्हणाला, “ह्यात.”

लॅपटॉपचं बटण दाबलं की विंडोज सुरू होतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे त्या क्षणी प्रोसेसरला विंडोज कुठे आहे हेही ठाऊक नसतं. आमच्या शाखेत एक शिपाई होता. मॅनेजरच्या आधी तासभर येऊन तो शटर उघडायचा, दिवे लावायचा, पंखे चालतात का बघायचा, टेलिफोनचा रिसीव्हर उचलून आवाज ऐकायचा. मग मॅनेजर यायचे. त्या आठ पायांच्या चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे हा शिपाई. मेमरी जागेवर आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का हे तो बघतो आणि मगच विंडोजला आत बोलावतो.

‘फर्मवेअर’ हा शब्द ॲशर ओप्लर या संगणकतज्ज्ञानं १९६७ साली ‘डेटामेशन’ या अमेरिकन मासिकातल्या लेखात वापरला. यंत्राचे सुटे भाग म्हणजे हार्डवेअर, त्यावर चालणारे प्रोग्रॅम म्हणजे सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधलं ते फर्मवेअर. ‘फर्म’ म्हणजे पक्कं, सहसा न बदलणारं. पुढची सारी कथा हे पक्केपण हळूहळू कसं सैल होत गेलं त्याचीच आहे.

आयबीएमनं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यातल्या या शिपायाचं नाव होतं बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या त्याआधीच्या प्रणालीतून आलेलं. आयबीएमचा बायोस अवघा आठ किलोबाईटचा होता. आज मोबाईलवर येणारा सुप्रभातचा एक फोटोसुद्धा त्याच्या कित्येक पट मोठा असतो! तो रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या चिपमध्ये, कारखान्यातच कोरलेला असे. तो पुसता येत नसे, बदलताही येत नसे.

पण कोरलेलं चुकीचं किंवा अपुरं निघालं तर? ते तसं निघालंच. सुरुवातीच्या मशीन्समधला बायोस ५४४ किलोबाईटच्या वरची मेमरी ओळखत नव्हता आणि हार्ड डिस्कचं कार्ड जोडलं तर त्याला ते कळत नव्हतं. ऑक्टोबर १९८२ च्या बायोसमध्ये ही सुधारणा झाली. ती ज्याला हवी त्यानं झाकण उघडायचं, जुनी चिप सॉकेटमधून उपसायची आणि नवी बसवायची. त्या काळी अपडेट म्हणजे असा हातात धरता येणारा ऐवज होता. घरबसल्या, चहाला उठल्यावर होणारी ती गोष्ट नव्हती.

आयबीएमनं हा बायोस छापून प्रसिद्धही केला होता. मॅन्युअलमध्ये त्याची ओळन्‌ओळ होती. पण नक्कल करायला कायद्यानं बंदी. मग कॉम्पॅक कंपनीनं दोन वेगळे गट नेमले. एका गटानं आयबीएमचा बायोस वाचून तो काय काय करतो ते लिहून काढलं आणि तो कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटानं त्या वर्णनावरून नवा लिहिला. १९८४ मध्ये फीनिक्स कंपनीनं असाच तयार केलेला बायोस कुणालाही विकायला काढला, आणि तैवानपासून टेक्सासपर्यंत ज्याला त्याला पीसी बनवता येऊ लागला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर घरोघर आले, त्याच्या मुळाशी हे आहे.

आता पुसता येणाऱ्या चिपकडे वळू. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम बनवली. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची इवलीशी खिडकी असे. त्या खिडकीवर अतिनील किरणांचा दिवा पंधरा-वीस मिनिटं धरला की आतलं सगळं पुसलं जाई. एरवी उजेड आत जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदी चिठ्ठी चिकटवलेली. बँकेत पहिल्यांदा लेजर पोस्टिंग मशीनचं पोट उघडलेलं मी पाहिलं तेव्हा आत अशा चिठ्ठ्या लावलेल्या चिपा ओळीनं बसलेल्या होत्या. माझा हात एका चिठ्ठीकडे गेला तसा इंजिनिअर ओरडला होता, “साहेब, ती काढू नका!” का, ते मला आत्ता कळलं.

नंतर तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी अशी मेमरी शोधली, की जी चिप बाहेर न काढता, दिव्याखाली न धरता, विजेच्या झटक्यानं एकदम पुसता येते. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखी क्षणात पुसली जाते म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवलं. आपला पेनड्राइव्ह म्हणजे हीच. नव्वदच्या दशकात बायोस या फ्लॅशवर आला आणि शिपाई बदलायला झाकण उघडायची गरज संपली. एक फ्लॉपी पुरे.

सोय झाली, यात शंका नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरचा भागाकार काही ठिकाणी चुकतो हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी दाखवून दिलं, तेव्हा चिपा बदलून देण्यापायी इंटेलनं ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा हिशेबात धरला. त्यानंतरच्या, १९९५ च्या पेन्टियम प्रोपासून प्रोसेसरच्या पोटातल्या सूचनाही दुरुस्त करता येऊ लागल्या. प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना बायोस त्या दुरुस्त्या प्रोसेसरला वाचून दाखवतो. २००० साल उजाडण्यापूर्वी तारखेच्या घोळावरही अनेक जुन्या मशीन्सना बायोस बदलूनच उतारा मिळाला.

पण जे आपल्याला लिहिता येतं ते दुसऱ्यालाही लिहिता येतं. २६ एप्रिल १९९९, सोमवार. आमच्या शाखेतल्या चार पीसींपैकी दोन सकाळी उठलेच नाहीत. पडदा काळा, बीप नाही, काही नाही. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला होता. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिलचाच, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हटलं. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा, आणि काही मदरबोर्डांवर थेट बायोसच्या फ्लॅशमध्ये कचरा भरायचा. शिपाईच गेला, तर शटर कोण उघडणार? त्या दिवशी आम्ही हातानं व्हाउचर लिहिली. जुने कारकून मनातून खूश होते, हे आता सांगायला हरकत नाही.

चोर नसला तरी अपघात होतोच. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची १७.१० ही आवृत्ती डाउनलोडसाठी काही काळ बंद करावी लागली, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि आणखी काही लॅपटॉपचा बायोस बिघडत होता. पाठोपाठ जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. इंटेलनं स्पेक्टरसाठी घाईनं दुरुस्ती काढली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला सांगितलं की तूर्त ती बसवू नका, मशीन्स मधेच आपोआप बंद-चालू होत आहेत.

म्हणून मग पहारा बसवायचं ठरलं, आणि इथे मला माझ्या मोडी कागदांची भाषा आठवते. जुन्या पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असा शिक्का असतो. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द आपण अजून वापरतो तो तिथूनच आलेला. बायोसची जागा यूईएफआय या नव्या रचनेनं घेतली. २००५ पासून कंपन्यांचा एक संयुक्त मंच तिचे नियम ठरवतो. तिच्यात कंपनीच्या डिजिटल शिक्क्याशिवाय आलेलं फर्मवेअर नाकारण्याची सोय आली. टीपीएम नावाची एक चिपही लॅपटॉपमध्ये बसू लागली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ नं तर ती सक्तीचीच केली. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली या चिपजवळ. मशीन सुरू होताना ही चिप आधी शिपायाचं माप घेते. काल होता तोच आहे ना? असेल तर किल्ली देते. नसेल तर नाही.

आता माझ्याकडे काय झालं ते सांगायला नको. नवं फर्मवेअर अगदी अस्सल होतं, कंपनीचा शिक्का त्यावर होता. पण माप बदललं. चिपनं बघितलं, हा शिपाई कालचा नव्हे, आणि किल्ली द्यायला नकार दिला. असा बदल करण्यापूर्वी हे कुलूप एका वेळेपुरतं स्थगित ठेवायचं असतं, आणि शिस्तीतलं अपडेट ते स्वतःच करतं. माझ्या लॅपटॉपवर ते झालं नाही. मुळात कुलूप आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी खातं जोडलं की ते आपसूक लागतं. मालकाला न विचारता कुलूप लावायचं आणि किल्ली कुठे ठेवली तेही ठळकपणे सांगायचं नाही, हे बँकेत चाललं नसतं. लॉकरचा करार करताना आम्ही ग्राहकाच्या तीन तीन सह्या घ्यायचो.

दुरुस्तीवाल्यानं तो दुसरा, मेलेला लॅपटॉप माझ्यासमोर जिवंत केला. चिपच्या आठ पायांना एक चिमटा लावला, त्याची वायर एका छोट्या यंत्राला, ते यंत्र त्याच्या कॉम्प्युटरला, आणि मूळ फर्मवेअर पुन्हा लिहिलं. १९८२ साली चिप उपसून बदलत, त्याचाच हा नवा अवतार. माझ्या मशीनला मात्र त्याची गरज नव्हती. ते मेलं नव्हतं. ते फक्त मला ओळखत नव्हतं.

“काका, मशीन पहिल्यांदा कुणाच्या नावावर सुरू केलं होतं?” निघताना त्यानं विचारलं. मी स्टँडवर बसून बंगलोरला पुतण्याला फोन लावला. त्याला आधी काही आठवेना. मग म्हणाला, “काका, माझ्याच मेलवर केलं होतं बहुतेक. जुन्या. थांबा जरा.” त्या जुन्या मेलचा पासवर्ड तो विसरला होता. तो मिळवायला त्याला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी पहिला रुमाल सोडून परत बांधला, एवढंच केलं.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन आला. खात्यात माझ्या लॅपटॉपच्या नावासमोर आकडे होते. तो सहा सहा आकड्यांचे आठ गट सावकाश वाचत गेला आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. मग आमच्या हिनं ते मोठ्यानं वाचले आणि मी टाईप केले. पाचव्या गटात एक आकडा चुकला. मशीननं तो गट स्वीकारला नाही. पुन्हा वाचला. निळा पडदा गेला.

फाईल उघडली तर मी सोडली होती तिथेच होती, एका यादीतल्या सातव्या कलमावर. त्या रात्री मी सगळ्याच्या दोन प्रती घेतल्या, आणि अठ्ठेचाळीस आकडे एका कागदावर सुवाच्य लिहून दुसऱ्या रुमालात, अगदी वरच्या पत्राखाली, ठेवून दिले.