प्रत्येक राख भांड्याला लावायची नसते



मागच्या महिन्यात गटाची बैठक एका ताईंच्या घरी होती. पडवीत जुन्या खांबांचे तुकडे रचलेले होते. "मोडलेल्या शेडचे आहेत, फुकट मिळाले. पावसाळ्याचं सरपण झालं," ताई खुशीत सांगत होत्या. मी एक तुकडा उचलून पाहिला, तर लाकडाला आतपर्यंत हिरवट झाक होती. म्हणून आज या हिरव्या लाकडाची गोष्ट सांगते.

गोष्ट सुरू होते आपल्याच देशात. १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञांनी लाकूड टिकवायची नवी रीत शोधली. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं पाणी दाब देऊन लाकडात मुरवायचं. तांब्यासाठी लागायचं मोरचूद, जे आपण फवारणीला वापरतो. आर्सेनिक म्हणजे ज्याच्यापासून सोमल होतो ते. अशा लाकडाला वाळवी शिवत नाही, बुरशी धरत नाही. १९३८ साली या शोधाला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि तारांचे खांब, कुंपणं, घरांचे ओटे, सगळीकडे हे लाकूड गेलं.

शोध कामाचा होता. पण लाकूड जुनं झाल्यावर ते चुलीत गेलं तर काय, हा प्रश्न मागे राहिला. लाकूड जळतं, पण त्यातलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक जळून संपत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत साठतं.

याची किंमत अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खेड्यातल्या कुटुंबाने मोजली. घरात आठ माणसं. थंडीत ऊब मिळावी म्हणून ते शेगडीत असंच औषध मुरवलेलं लाकूड जाळत. तीन वर्षं सगळे आजारी. अंगावर पुरळ, छातीचे विकार, पायांत गोळे, फिट्स, केस गळणं. सगळ्यात जास्त त्रास धाकट्या दोन मुलांना झाला. शेवटी केस आणि नखं तपासली, तेव्हा आर्सेनिक सापडलं. १९८४ साली डॉक्टरांनी हे छापून जगाला सांगितलं. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं बहुतेक बंद झालं. ऑस्ट्रेलियात वणव्यात कुंपणाचे असे खांब जळतात, तेव्हा तिथलं आरोग्य खातं लोकांना बजावतं, की या राखेत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत हे धातू असू शकतात. अशी राख चाटून गुरं दगावल्याच्या नोंदीही आहेत.

आता आपल्याकडे बघा. राख म्हणजे आपल्याला स्वच्छ वस्तू. भांडी घासायची, भाजीवर टाकायची, धान्यात मिसळायची. म्हणूनच आपल्याला धोका जास्त.

तेव्हा खांब, जुने स्लीपर, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड चुलीत घालू नका. हिरवा रंग उन्हापावसात उडतो, त्यामुळे रंग दिसत नाही म्हणजे लाकूड साधं, असं धरू नका.

चुकून जाळलंच, तर मुलं आणि गुरं लांब ठेवा. राख कोरडी झाडू नका, ती उडून श्वासात जाते. निथळणार नाही इतपत पाणी शिंपडून ओली करा. हातमोजे, पूर्ण बाह्या, कोरोनात वापरला तसा घट्ट एन-९५ मास्क घाला. राख फावड्याने जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून तोंड बांधा. ती उकिरड्यावर, शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. ग्रामपंचायतीला कळवा आणि विल्हेवाटीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करायला सांगा. काम झालं की हातपाय धुवा, ते कपडे वेगळे धुवा.

ताईंनी ते तुकडे चुलीपासून हलवले. "फुकटचं सरपण महागात पडलं असतं बाई," त्या म्हणाल्या.

तुमच्या पडवीतलं सरपण कुठून आलं, आज एकदा विचारा.