मोफत वकील हा उपकार नाही आणि तडजोड म्हणजे न्याय नाही

वर्षातून एकदा-दोनदा आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात कायदेविषयक शिबिर भरते. बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होते, न्यायाधीश आणि वकील मंडळी भाषणे करतात, पत्रके वाटली जातात. 'न्यायालय आपल्या दारी आले' म्हणून आपला कार्यकर्ता उठून आभार मानतो आणि चहा पिऊन सगळे घरी जातात. शिबिरे झालीच पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप त्या आभाराला आहे. हक्काच्या गोष्टीचे आभार मानायची सवय लागली की ती मागायची सवय सुटते. त्या पत्रकावर दोन शब्द हमखास असतात : 'मोफत' आणि 'तडजोड'. या दोन्ही शब्दांना इतिहास आहे आणि तो आपल्या तरुणांना ठाऊक असायला हवा.

सुरुवात महाडपासून करू. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्यावर सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला, बाबासाहेबांना आणि सहकाऱ्यांना प्रतिवादी केले आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. डिसेंबरच्या परिषदेला हजारो सत्याग्रही जमलेले असताना त्या हुकुमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. पुढे १९३१ साली महाडच्या न्यायालयात, १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. हिशेब पाहा. त्यांना मनाईहुकूम मिळायला दोन दिवस लागले, आपल्याला अंतिम निकाल मिळायला नऊ वर्षे. तीन न्यायालये ही लढाई टिकली, कारण प्रतिवादींत एक बॅरिस्टर होता. ज्या गावात बॅरिस्टर नव्हता, तिथल्या माणसाने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेने फार सावकाश दिले. १९२४ साली मुंबईत गरिबांना कायदेशीर मदत देणारी एक संस्था निघाली, पण ती वकिलांच्या स्वेच्छेवर चालणारी होती. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. संविधानाच्या कलम २२ ने अटकेतल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. मात्र त्या वकिलाची फी कोण देणार, हा प्रश्न शिल्लक राहिला. मोफत कायदेशीर साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारे कलम ३९अ संविधानात आले ते १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने.

त्यानंतरची वाट तुरुंगातून गेली. १९७८ साली महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपील करू पाहणाऱ्या गरीब कैद्याला निकालाची प्रत आणि वकील मोफत मिळाला पाहिजे, असे सांगितले. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेले कच्चे कैदी देशासमोर आले आणि मोफत वकील हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या महिलांची स्थिती न्यायालयापुढे मांडली. तेव्हा अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक झाले. १९८६ साली सुखदास खटल्यात तर न्यायालयाने शिक्षाच रद्द केली, कारण आरोपीला मोफत वकील मिळू शकतो हे कोणी सांगितलेच नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला. तो लागू व्हायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ हा दिवस उजाडावा लागला. आज वस्तीत येणारे शिबिर या कायद्याचे अपत्य आहे.

आता त्या कायद्याचे कलम १२ वाचा. मोफत विधी सेवेच्या हक्कदारांत पहिलेच नाव अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचे आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा नाही. स्त्रिया, मुले, कोठडीतील व्यक्ती आणि जातीय अत्याचाराचे बळी यांनाही उत्पन्नाची अट नाही. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असले की पुरे. तरीही आपला माणूस तालुक्याच्या न्यायालयात जातो, वकिलाच्या फीसाठी दागिना गहाण ठेवतो, आणि त्याच आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय आहे हे त्याला कोणी सांगत नाही. १५१०० हा मदत क्रमांक किती वस्त्यांच्या भिंतीवर लिहिलेला आहे?

दुसरा शब्द तडजोड. १९८२ साली गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातल्या ऊना इथे लोकअदालत भरली आणि पुढे ती देशभर गेली. अपघाताची भरपाई, बँकेचे कर्ज अशा वादांत तिचा उपयोग आहे, हे आम्ही मान्य करतो. वेळ वाचतो, कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी शंभरदा विचार करा. शिवाय ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होऊ शकत नाही, तो गुन्हा लोकअदालतीच्या कक्षेत येतच नाही. अॅट्रॉसिटीचा गुन्हा असाच आहे. 'मिटवून घ्या' हे वाक्य आपण पाटलाच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. मिटवायचे म्हणजे नेहमी आपणच गप्प बसायचे. तेच वाक्य न्यायालयाच्या आवारात कोणी ऐकवले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पुढे करा. पीडितांना कायदेशीर साहाय्य देणे आणि साक्षीदारांचा प्रवासखर्च सोसणे हे त्या कायद्याच्या कलम २१ नुसार राज्याचे काम आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ ने जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला दिला आहे.

मित्रांनो, पुढचे शिबिर भरेल तेव्हा मागच्या रांगेत बसू नका. पुढे बसा आणि विचारा : आमच्या तालुक्यात गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती जणांना वकील मिळाले, त्यात अॅट्रॉसिटीचे पीडित किती? वस्तीत ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांची यादी करून न्या आणि अर्ज तिथेच भरून द्या. विधी स्वयंसेवक म्हणून आपल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींची नावे द्या. चवदार तळ्याचा खटला बाबासाहेबांनी निकाल लागेपर्यंत सोडला नाही. आपल्याला निदान अर्ज तरी भरता आला पाहिजे.

जय भीम!