मुलांच्या नावाचा वाटा

सातपूर-अंबडला एखादे यंत्र घेऊन धंदा मांडणारा बाप सहज म्हणून जातो, ‘हे सारे मुलांसाठीच.’ त्या उद्गारात वात्सल्य असते. परंतु तेवढ्याने मुलांच्या नावावर काहीच होत नाही. हा धडा ख्रिस्ती समाजाला एका जुन्या खटल्याने शिकवला आहे.

बेल्लारीचे मॅथ्यू अब्राहम हे तमिळ वंशाचे ख्रिस्ती गृहस्थ. मद्य गाळण्याचा मोठा धंदा त्यांनी उभारला. सन १८४२ मध्ये मृत्युपत्र न करताच ते निवर्तले. मागे पत्नी शार्लट व दोन मुलगे राहिले. धंद्याची सूत्रे बंधू फ्रान्सिस यांच्या हाती गेली. पुढे एकत्र कुटुंबातील भाऊ या नात्याने आपण निम्म्याचे धनी आहोत, असे फ्रान्सिस म्हणू लागले. शार्लटबाईंनी न्यायालयाचे दार ठोठावले. वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. या ख्रिस्ती कुटुंबास हिंदू एकत्र कुटुंबाचा नियम लागू नाही, असा निर्णय सन १८६३ मध्ये झाला. तोवर बापाच्या मृत्यूस एकवीस वर्षे लोटली होती.

त्याच काळात आपल्या नाशिकला शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वाढत होती. तेथे सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. अशा कारागिरांच्या धंद्याचा वारस कोण, हा प्रश्नही तितकाच अधांतरी होता. सन १८६५ च्या वारसा कायद्याने त्याला निश्चित उत्तर दिले. आज सन १९२५ च्या कायद्यान्वये, मृत्युपत्र नसल्यास विधवेस एक तृतीयांश व मुलांस दोन तृतीयांश हिस्सा मिळतो.

तथापि हिस्सा मिळणे निराळे आणि मुले सज्ञान होईतो तो सांभाळला जाणे निराळे. सन १८८२ च्या न्यास कायद्याने त्याची वाट घालून दिली आहे. बापाने धंद्यातील हिस्सा विश्वस्ताकडे सोपवावा. विश्वस्ताने हिशेब चोख ठेवावा, त्या धनातून स्वतःचा लाभ साधू नये. सन १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे सर्व भागीदारांच्या संमतीने अज्ञान मुलास नफ्याचा वाटेकरी करता येते. तोट्याची झळ त्याच्या हिश्श्यापुरतीच लागते. सज्ञान झाल्यावर भागीदार राहावे की नाही, हे ठरवून जाहीर करण्यास त्याला सहा महिन्यांची मुदत असते.

वारस बालक असेतो पालक व कारभारी यांच्या अधीन असतो, हा दाखला संत पौलाने गलतीकरांस दिला आहे. तो कारभारी बापाने हयातीतच नेमावा. अंत्यविधी उरकून आम्ही एखाद्या घरी सांत्वनास जातो, तेव्हा कागदांची पेटी उघडलेली असते. त्या पेटीत बापाचे प्रेम लिहून ठेवलेले असावे, एवढीच आमची विनवणी.